नास्तिक म्हणावे तरी कोणाला?



काही शब्द रागाच्या भरात इतके वापरले जातात की त्यांचा अर्थ झिजून जातो आणि नुसती शिवी उरते. ‘नास्तिक’ ह्या शब्दाची आपल्याकडे हीच गत झाली आहे. कोणी उसने पैसे बुडविले, तर तो नास्तिक. सुनेने उपास धरला नाही, तर ती नास्तिक. शिकलेल्या पोराने सत्यनारायणाला पाटावर बसायचे नाकारले, तर तोही नास्तिक. आता पैसे बुडविणारा कदाचित रोज दोन तास देवपूजा करीत असेल. पण शिवीला शास्त्र कुठले? म्हणून ह्या महिन्याच्या सेवेसाठी आम्ही हाच शब्द विचारास घेतला आहे.

ह्या विचाराला निमित्त झाले ते कन्नड तालुक्यातील पिशोर गावी. हरिनाम सप्ताहात प्रवचन आटोपले, मंडळी पंगतीकडे वळली आणि एक वयस्कर माळकरी आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “महाराज, लेकरू शिकायला संभाजीनगरला होतं. आता म्हणतं, देव नाही. गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. सप्त्यात पंगतीला वाढायला आलं, तर चार जण म्हणाले, नास्तिकाच्या हातचं नको. आता मी लेकराला धरू का लोकाला धरू?”

आम्ही विचारले, “पोरगा दारू पितो का?” म्हणाले, “नाही.” “आईबापाला उलटून बोलतो?” “नाही.” “खोटं बोलतो?” तेव्हा त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. म्हणाले, “खोटंच बोलत नाही म्हणून तर हे झालं, महाराज. नुसती माळ ठेवून गप बसला असता, तर कोणाला काय कळलं असतं?”

सज्जनहो, ह्या एका वाक्यात प्रश्न आहे आणि बरेचसे उत्तरही आहे. विश्वास नसताना माळ ठेवणारा आपल्या पंगतीला चालतो आणि विश्वास नाही म्हणून प्रामाणिकपणे माळ उतरविणारा चालत नाही, असे जर असेल, तर आपण नेमके काय जपतो आहोत? आता एकेक गैरसमज हाती घेऊ.

पहिला गैरसमज शब्दाचाच. देव न मानणारा तो नास्तिक, असे आपण धरून चालतो. पण जुन्या शास्त्रात तसे नाही. पाणिनीच्या व्याकरणात हे शब्द आले आहेत आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी ज्याची मती, एवढाच तेथील रोख आहे; टीकाकारांनी तो परलोकाशी जोडला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरविले. म्हणजे एकाची कसोटी परलोक, दुसऱ्याची वेद, आणि आपली आजची कसोटी ईश्वर. तीन तराजू आणि तिन्हींचे माप निराळे!

ह्याचा परिणाम पाहा. सांख्यशास्त्र हे आस्तिक दर्शन मानले जाते. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जगाच्या रचनेसाठी ईश्वराची गरज ठेवलेली नाही. त्या सांख्याचे आद्य आचार्य कपिल मुनी. आणि गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना सिद्धांमध्ये ह्याच कपिल मुनींचे नाव घेतले आहे. पूर्वमीमांसेचे तसेच. यज्ञयागाचे एवढे मोठे शास्त्र, वेदावर एवढी निष्ठा. परंतु जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानण्याविरुद्ध कुमारिल भट्टांनी कसून युक्तिवाद केले. त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही. उलट बौद्ध आणि जैन ही दर्शने वेदप्रामाण्य मानीत नाहीत, म्हणून नास्तिकांत गणली गेली. आणि अहिंसा, सत्य, अपरिग्रह ह्यांचा केवढा ठेवा त्यांनी ह्या देशाला दिला!

आणि ह्यासाठी पोथ्या धुंडाळायची तरी काय गरज? पिशोरच्या मंडळींनी कन्नडावरून वेरूळला जावे. तेथे एकाच डोंगरात चौतीस लेणी ओळीने उभी आहेत. पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. सोळावे लेणे म्हणजे कैलास. अखंड पाषाण वरून खाली कोरीत आणलेले शिवाचे मंदिर. त्याच्या एका अंगाला जगाचा कर्ता न मानणारे बुद्धाचे विहार, दुसऱ्या अंगाला जगाचा कर्ता न मानणारे जिनमंदिर. छिन्नी त्याच डोंगराला लागली. कन्नड तालुक्यातच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती तर वेरूळहूनही कितीतरी जुनी. आपले वाडवडील ह्याच मातीत नांगर धरीत आले. ईश्वर मानणारा धर्म आणि ईश्वर न मानणारा धर्म हे शेजारी राहू शकतात, हे आपल्याला परदेशातून शिकायचे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या संतांनी विटेवरच्या पांडुरंगाला बौद्ध अवतार म्हटले आहे. शास्त्राने ज्याला नास्तिकांच्या रांगेत बसविले, त्याला संतांनी पंढरीच्या गाभाऱ्यात पाहिले. आणि १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांची लेकरे-नातवंडे आज आपल्या गावोगावी आपल्या शेजारी राहतात. ते सृष्टिकर्ता मानीत नाहीत, पंचशील मानतात. त्यांना कोणी ‘धर्म नसलेले’ म्हणू धजेल काय? तेव्हा ईश्वर नाही म्हणजे धर्म नाही, हे समीकरण मुळातच कच्चे आहे.

दुसरा गैरसमज फार पसरलेला आहे. तो असा की देवाचे भय नसले की माणूस सुटतो. मग चोरी काय, व्यसन काय, त्याला धरबंध राहत नाही. ह्यासाठी चार्वाकाचा दाखला देतात. कर्ज काढून तूप प्यावे असे सांगणारा तो! पण चार्वाकाचे मत आपल्याला कळते ते बहुतांशी त्याचे खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकाला पहिले स्थान आहे, ते पुढे खोडून काढण्यासाठी. फिर्यादीच्या तोंडून आरोपीची जबानी ऐकावी, तसे हे झाले. गावच्या भांडणातसुद्धा आपण एवढ्यावर निवाडा करीत नाही.

आता महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची अत्यंत गरिबी. बुद्धी अशी की मोठी सरकारी नोकरी हात जोडून उभी राहिली असती. पण शिकत असतानाच त्यांनी आईला लिहून कळविले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस; पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालविणार आहे. आणि तसेच केले. ‘केसरी’चे ते पहिले संपादक, पुढे १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढले, फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. बालविवाह, विधवांचे केशवपन ह्यांवर त्यांनी कडाडून लिहिले. देवावर त्यांची श्रद्धा नव्हती आणि ते त्यांनी लपविलेही नाही. तेव्हा पुण्यातील धर्माभिमान्यांनी काय करावे? त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली! ती आगरकरांनी पाहिली आणि तरीही ते लिहीत राहिले. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, अशी आठवण सांगतात.

अहो, निष्काम कर्म म्हणून आपण प्रवचनातून जे सांगतो, ते ह्याहून निराळे असते काय? स्वर्गाची आशा नाही, नरकाचे भय नाही, पुढच्या जन्माचा हिशेब नाही. तरी माणूस सचोटीने जगला. एक त्यांची प्रेतयात्रा काढणारे देव मानणारे, आणि एक ते स्वतः. त्या दिवशी धर्म कोणाच्या बाजूला होता, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

येथे कोणी म्हणेल, मग देव न मानणारे सगळेच आगरकर का? मुळीच नाही. त्यांच्यातही लबाड असतात, उर्मट असतात. आमचे म्हणणे इतकेच की शील हे माळेवरून मोजता येत नाही आणि माळ नसल्यावरूनही मोजता येत नाही. टिळा लावून वजनात मारणारा दुकानदार आपण सर्वांनी पाहिला आहे.

तिसरा गैरसमज असा की देव न मानणारा मनुष्य देवावर रुसलेला असतो. संकट आले की येईल वळणावर. हेही नीट तपासू. देवावर रुसणे ही भक्ताची रीत. तुकोबांनी पांडुरंगाशी किती भांडण केले, ते गाथेत आहे. आपल्यालेखी देव मेला, इथपर्यंत ते रागाने बोलून गेले आहेत. पण ते भांडण घरातले. जो मानीत नाही, त्याला भांडायला समोर कोणी नाहीच. तो रुसणार कोणावर?

१६३० च्या दुष्काळात तुकोबांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्या दुःखातून तुकोबा विठ्ठलाकडे वळले. तशाच दुःखात दुसरा एखादा म्हणेल की देव असता तर असे झाले नसते. दुःख एकच, कोणाला ते इकडे नेते, कोणाला तिकडे. आणि संकट आले की वळणावर येतो, हेही खरे नाही. भगतसिंग लाहोरच्या तुरुंगात होते, समोर फाशी दिसत होती. १९३० साली तेथे बसून त्यांनी आपण नास्तिक का आहोत, ह्यावर निबंध लिहिला. अखेरच्या घडीला प्रार्थना करणार नाही, तसे करणे आपल्याला दुबळेपणाचे वाटेल, असा त्यातील आशय. २३ मार्च १९३१ रोजी हा तेवीस वर्षांचा पोरगा फाशी गेला. त्यांचे मत आम्हाला मान्य नाही. पण त्यांना ‘रुसलेला’ म्हणायची आमची छाती नाही.

चौथा गैरसमज सर्वांत घातक. तो म्हणजे, देव न मानणारा हा धर्माचा आणि वारीचा वैरी. ह्याचे अलीकडचे उदाहरण उघडपणे बोलले पाहिजे, कारण त्यात आपला संप्रदाय ओढला गेला होता. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानीत नव्हते. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देव आहे की नाही ह्या वादात समिती पडणार नाही. देवाच्या नावावर जे लुबाडतात आणि छळतात, त्यांना अडवील, अशी तिची भूमिका. जादूटोणा व नरबळीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे खपले. तेव्हा वारीवर बंदी येईल, कीर्तनावर खटले होतील, अशी आवई उठली आणि आपल्यातील काही संघटनांनी विरोधही केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्या कायद्यात यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन ह्यांना तो लागू नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. इतकी वर्षे झाली. आषाढीची वाट कोणी अडविली काय? विणा कोणी काढून घेतला काय?

आणखी एक धागा पाहा. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले. विठोबाच्या दारातून अस्पृश्य म्हणून परत लोटलेल्या भावांना आत घ्या, एवढीच मागणी. दहा दिवसांनी ते उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. त्याच गुरुजींनी १९४८ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आणि १९९८ पासून मृत्यूपर्यंत त्या ‘साधने’चे संपादन कोणी केले? दाभोलकरांनी. विठोबाच्या दारासाठी प्राण पणाला लावणाऱ्या भक्ताचे पत्र पुढे एका देव न मानणाऱ्याने सांभाळले. दार सर्वांना उघडे असावे, ह्या एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते. मग वैरी कोण आणि कोणाचा?

ज्यांनी गोळ्या घातल्या, त्यांनी काय वाचविले? धर्म बंदुकीने राखायचा असता, तर थुंकणाऱ्याला न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या नाथांची कथा आपण चारशे वर्षे कशाला सांगत आलो?

पाचवा गैरसमज थोडक्यात सांगू. काही सुशिक्षित म्हणतात, नास्तिकता हासुद्धा एक धर्मच, एक पंथच. पण पंथाला गुरू लागतो, ग्रंथ लागतो, दीक्षा लागते. ‘मला पटत नाही’ एवढ्यावर पंथ उभा राहत नाही. त्यांच्यात आपसातही एकमत नसते. नटवर्य डॉ. श्रीराम लागू म्हणत, देवाला आता निवृत्त करा. आणि त्याच व्यासपीठावरून दाभोलकर म्हणत, समितीचे काम देव घालविण्याचे नाही. दोघे गावोगावी हा वाद लोकांसमोर प्रेमाने घालीत. आणि संख्या तरी केवढी? २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात आपण नास्तिक असे सांगणारे सुमारे ३३ हजार निघाले. एवढ्यांच्या भीतीने आपली भक्ती डळमळत असेल, तर दोष त्यांचा नव्हे.

आपल्या राज्यघटनेने पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. मंत्री होणारा ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो, अथवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. राज्याच्या दारात जी मोकळीक आहे, ती घराच्या ओट्यावर असू नये काय?

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. पोरांनो, देव मानणारा प्रत्येक जण अडाणी, ही तुमचीही एक अंधश्रद्धाच. नवस, बळी, अंगात येणे ह्यांवर संतांनी जितके कोरडे ओढले, तितके कोणी ओढले नसतील. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारले, की दगडापुढे बकरे का मारता, कर्ज काढून सण का करता? ते कीर्तन ऐकून कोणी त्यांना भोळा म्हणणार नाही. बाप पहाटे उठून हरिपाठ म्हणतो, तो भीतीने नव्हे. दिवसभर कपाशीत आणि अद्रकाच्या वाफ्यात राबणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या घटकेत आपण एकटे नाही असे वाटते. ते तुम्हाला वाटत नसेल, तर सोडून द्या. पण त्याला हसू नका.

आता आईबापांनी करावे काय? पिशोरच्या त्या गृहस्थांना आम्ही जे सांगितले, तेच सर्वांना सांगतो. लेकराच्या गळ्यात जबरीने माळ घालू नका. माळ हे व्रत आहे. मनाविरुद्ध घातली तर तो दंभ होतो, आणि दंभाला आपल्या संप्रदायात जागा नाही. त्याला कोणी बाहेरचे लागले म्हणून भगताकडे नेऊ नका. त्याने प्रश्न विचारला तर माहीत आहे तेवढे सांगा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आणि पंगतीत त्याच्या हाती वाढपाची बादली द्या. पैठणला नाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, तेव्हा कोणाचे शिवलेले चालते हे विचारणारे लोक नाथांच्या विरुद्ध बाजूला उभे होते, अशी कथा आपण नाथषष्ठीला ऐकतो. आज आपण कोणत्या बाजूला उभे राहणार, ते पंगतीतच ठरते.

ह्याला आधार हवा असेल तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा घ्या. रामनाम जपणारे गांधीजी आणि आंध्रातील कट्टर निरीश्वरवादी गोरा, म्हणजे गोपराजु रामचंद्र राव. गोरा आश्रमात राहिले, दोघांचे खूप वाद झाले, कोणी कोणाला बदलले नाही. गोरांनी आपल्या मुलीचा विवाह तेव्हा अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाशी ठरविला, तेव्हा विधीत ईश्वराऐवजी सत्याचे नाव घेण्यास गांधीजींनी संमती दिली. पुढे त्यांची हत्या झाली. तरी १९४८ साली आश्रमात तो विवाह पार पडला. रामभक्ताचा राम त्यामुळे उणा झाला नाही.

देव आहे, ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. तो टाळमृदंगात आम्हाला भेटतो, वाळवंटात भेटतो. पण तो ज्याला भेटला नाही, त्याला आम्ही कोणत्या तोंडाने पापी म्हणावे? ज्ञानदेवादी भावंडांना धर्मबाह्य ठरविणारे, चोखोबांना पायरीपाशी थोपविणारे, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे, ह्या सर्वांना आपण धर्माचे रक्षण करतो असेच वाटत होते. ज्या संप्रदायाने ते घाव सोसले, त्याने दुसऱ्यावर तसा घाव घालू नये. नास्तिक म्हणायचेच असेल, तर ज्याला दुसऱ्याचे दुःख ‘नाही’ असे वाटते, त्याला म्हणा; मग तो माळकरी असो की बिनमाळेचा.

येत्या एकादशीला आपापल्या घरातील अशा एखाद्या लेकराशी, भावाशी, सुनेशी राग न धरता घटकाभर बोलावे, एवढी विनंती करून ही वाक्सेवा पांडुरंगाच्या चरणी ठेवतो.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!